सतरा जून की अठरा? विकिपीडियावरचा एक वाद

ग्वाल्हेरात, त्यातून आपल्या लष्करात, राणी लक्ष्मीबाईंचा विषय निघाला की गाडी तारखेवर अडतेच. राणी पडल्या त्या १७ जून १८५८ ला की १८ ला? विकिपीडियाच्या इंग्रजी लेखात मी पाहिलं तेव्हा १८ होती. मी ती बदलून १७ केली.

पुरावा माझ्या मते पक्का होता. आठव्या हुसार घोडदळाच्या तुकडीनं इथं जो हल्ला चढवला, त्याबद्दल हेनेज, हॉलिस, पिअर्सन आणि वॉर्ड या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८५९ च्या लंडनच्या राजपत्रात त्या हल्ल्याची तारीख छापलेली आहे, १७ जून. याहून काय हवं?

तासाभरात कुणीतरी पुन्हा १८ केली. मी परत १७. असं दोनदा झालं. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवलं तर संपादनबंदी येऊ शकते, म्हणून थांबलो. पटलं म्हणून नव्हे. मग चर्चापानावर गेलो.

तिथं समोरच्यानं एवढंच विचारलं, की राजपत्रात राणीचं नाव कुठं आहे? नव्हतंच. हल्ल्याची तारीख मी एका कागदातून घेतली, राणी त्याच चकमकीत जखमी झाल्या हे दुसऱ्या पुस्तकातून, आणि दोन्ही जोडून निष्कर्ष माझ्या पदरचा. विकिपीडिया याला मूळ संशोधन म्हणतो, आणि ते लेखात चालत नाही. जखम १७ ला आणि प्राण १८ ला गेला, हेही शक्य आहेच की. दोन दिवस मी चिडलेला होतो, पण त्या माणसाचं बरोबर होतं.

आपल्याकडे अनेकांना वाटतं की वर कुणीतरी न्यायाधीश बसलेला असेल, त्याच्याकडे दाद मागावी. तसं नाही. तिऱ्हाईताचं मत मागता येतं, सर्वांकडून अभिप्राय मागवता येतात, पण त्यात हात मोजत नाहीत, युक्तिवाद पाहतात. इंग्रजी विकिपीडियाची लवाद समितीसुद्धा संपादकांच्या वागणुकीवर निकाल देते, मजकुरावर नाही. तारीख कोणती खरी, हे तिथं कुणीच ठरवत नाही. इतिहासाच्या माणसाला हे पचायला जड जातं.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. पुस्तक छापील आहे, लेखक नावाजलेला आहे, एवढं दिसलं की संदर्भ खपून जातो. त्या लेखकाला ते कुठून कळलं, हे क्वचितच कुणी विचारतं. दहा पुस्तकांत १८ असेल आणि दहाही एकाच जुन्या चरित्रावरून उतरलेली असतील, तर ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच आहे.

गोडसे भटजींचंच घ्या. झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावात होते, म्हणून झाशीबद्दल त्यांचा शब्द वजनदार. ग्वाल्हेरच्या लढाईची त्यांची हकीकत मात्र ऐकीव. शिवाय 'माझा प्रवास' दोन आहेत. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली काढला तो संस्कार केलेला, आणि दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली दिला तो वेगळा. तळटीपेत नुसतं 'गोडसे' आणि पानाचा आकडा लिहिला, तर वाचकानं कोणतं पुस्तक उघडायचं? नियमाप्रमाणे संदर्भ दिला, असं मात्र होतं.

मराठी पुस्तक इंग्रजी लेखात चालत नाही, हा समजही सोडून द्या. चालतं. कुणी शंका घेतली तर मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर द्यावं लागतं, इतकंच. आपल्या घरांतल्या पेटाऱ्यांतले कागद चालत नाहीत, कारण ते छापलेले नाहीत आणि दुसऱ्याला पडताळता येत नाहीत. त्याला विकिपीडिया काय करणार? पेटारे आपण उघडले नाहीत.

मी चर्चापानावर नवीन मसुदा ठेवला आहे. दोन्ही तारखा, आणि प्रत्येकीपुढं ती कोण देतो ते. अजून एकमत नाही. रविवारच्या बैठकीला वैद्यांची आणि पोतदारांची अशा दोन्ही आवृत्त्या घेऊन येतो. ग्वाल्हेरची पानं शेजारी शेजारी ठेवून वाचू. ज्यांच्याकडे पारसनिसांचं १८९४ चं राणीचरित्र आहे, त्यांनी ते आणावं.