बारा विरुद्ध दोन : मनगटदुखी, योगासनं आणि तीन पानांचा एक पेपर

मनगट दुखतंय असं घरात नुसतं म्हणून बघा. आंबेहळदीचा लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, कोमट तिळाच्या तेलाचं मालीश, मीठ घातलेल्या गरम पाण्यात हात बुडवून बसणं, तव्यावर तापवलेली ओव्याची पुरचुंडी. पाच मिनिटांत पाच उपाय हजर होतात. सहावा उपाय योगासनांचा असतो आणि त्याच्यासोबत बऱ्याचदा एक वाक्यही येतं : "अहो, हे तर अमेरिकेत सिद्ध झालंय!"

पहिल्या पाचांबद्दल सहसा इतक्या ठामपणे कुणी बोलत नाही. तो आजीचा बटवा असतो; गुण आला तर आला. सहाव्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्या वाक्यामागे खरोखरच एक पेपर आहे. तोही मोठ्या जर्नलमधला, आणि त्याचं एक टोक आपल्या पुण्यात आहे. तुम्ही नेट किंवा पेटची तयारी करत असाल आणि "पेपर क्रिटिकली वाचा" असं सगळे सांगतात पण कसा वाचायचा ते कुणी दाखवत नसेल, तर हा पेपर घ्या. जेमतेम तीन पानं आहेत. गणित बारावीच्या पलीकडचं नाही. आणि तो वाईट पेपर नाही, ही सगळ्यात चांगली गोष्ट. वाईट पेपरवर टीका कुणीही करतं.

पेपर काय सांगतो

'जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन', म्हणजे 'जामा', याचा ११ नोव्हेंबर १९९८चा अंक पर्यायी उपचारपद्धतींवरचा विशेषांक होता. त्यात मॅरियन गार्फिंकेल आणि सहकाऱ्यांचा कार्पल टनेल सिंड्रोमवरच्या योगोपचाराचा हा पेपर आला. गार्फिंकेल या फिलाडेल्फियाच्या, बी. के. एस. अय्यंगारांच्या शिष्या. अय्यंगारांची संस्था १९७५पासून पुण्यात आहे. मुंबईची उपनगरंही या इतिहासात मागे नाहीत : 'द योग इन्स्टिट्यूट'ची सुरुवात १९१८ साली वर्सोव्यात झाली आणि नंतर ती सांताक्रूझला गेली. त्यामुळे हा पेपर आपल्याला 'घरचा' वाटतो. घरचा वाटणारा पेपर जरा जास्त कडक नजरेनं वाचायचा असतो, एवढं आधीच लक्षात ठेवा.

आजाराबद्दल थोडक्यात. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडं आणि एक जाड अस्थिबंध मिळून एक बोगदा तयार होतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाची एक नस जाते. बोगद्यात गर्दी झाली की नस दबते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात, विशेषतः रात्री. करंगळी सहसा सुटते.

प्रयोग असा होता : कार्पल टनेल सिंड्रोम असलेले ४२ जण, वय २४ ते ७७. चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीनं दोन गट केले. एका गटाला शरीराच्या वरच्या भागासाठी ११ आसनं आणि शिथिलीकरण, आठवड्यातून दोनदा, ८ आठवडे. दुसऱ्या गटाला चालू उपचारांच्या जोडीला मनगटाला बांधायचा स्प्लिंट देऊ केला. मोजमाप करणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं.

निकाल : योगाच्या गटात मुठीची पकड १६२वरून १८७वर गेली (एकक मिलिमीटर पारा, म्हणजे इथे दाब मोजलाय, किलो नाही) आणि पी व्हॅल्यू आली ०.००९. वेदनेचा आकडा ५.०वरून २.९वर आला, पी ०.०२. स्प्लिंटच्या गटात हे दोन्ही बदल 'सिग्निफिकंट' नव्हते. फेलेन चाचणीत, म्हणजे मनगटं पूर्ण वाकवून मिनिटभर धरल्यावर मुंग्या येतात का ते बघण्यात, योगाच्या गटात १२ ठिकाणी सुधारणा दिसली आणि दुसऱ्या गटात २ ठिकाणी, पी ०.००८. झोपेचा त्रास, टिनेल चाचणी (नसेवर टिचकी मारून बघायची) आणि नसेतून संदेश जायला लागणारा वेळ यांत दोन गटांमध्ये सिग्निफिकंट फरक नव्हता.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. "अमेरिकेत सिद्ध झालंय" म्हणणाऱ्यापर्यंत ते पोचलेलंच नसतं.

मुलुंडचा क्लास आणि बोरिवलीचा क्लास

पहिली अडचण आकडेशास्त्राची आहे, आणि ती तुम्हाला पुढे शेकडो पेपरांत भेटणार आहे. "योगाच्या गटात फरक सिग्निफिकंट, स्प्लिंटच्या गटात नाही, म्हणून योग सरस." हे वाचताना बरोबर वाटतं. नाहीये.

समजा मुलुंडच्या एका क्लासच्या बॅचचे मार्क सरासरी १२नं वाढले, स्टँडर्ड एरर ५. बोरिवलीच्या बॅचचे ६नं वाढले, स्टँडर्ड एरर तेवढाच, ५. मुलुंडसाठी १२ भागिले ५ म्हणजे २.४ : सिग्निफिकंट. बोरिवलीसाठी ६ भागिले ५ म्हणजे १.२ : नाही. मुलुंडवाले लगेच बॅनर लावतील. पण खरा प्रश्न दोन क्लासमधल्या फरकाचा आहे. तो फरक ६, आणि त्याचा स्टँडर्ड एरर दोन्ही एररचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की साधारण ७. सहा भागिले सात म्हणजे एकापेक्षाही कमी. दोन क्लासमध्ये फरक आहे असं या आकड्यांवरून म्हणताच येत नाही!

अँड्र्यू गेलमन आणि हाल स्टर्न यांनी २००६ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये नेमकी हीच चूक मांडली. तेव्हापासून तरी ती थांबायला हवी होती. थांबलेली नाही.

मग योगाच्या पेपरमध्ये दोन गटांतला थेट फरक किती? कार्पल टनेलवरच्या शस्त्रक्रियेशिवायच्या उपचारांचा जो कॉक्रेन आढावा २००३ साली आला, त्यात हा हिशेब आहे : आठ आठवड्यांनंतर वेदनेतला फरक १.४०, आणि ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.०७ ते २.७३. म्हणजे योगाच्या बाजूनं काहीतरी उरतं. पण ५.०वरून २.९ ही २.१ची घसरण सगळी योगाच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि मर्यादेचं खालचं टोक शून्याला चिकटलेलं आहे. खरा परिणाम भरघोस असू शकतो, नगण्यही असू शकतो.

आणखी एक गंमत. कॉक्रेनच्या नोंदीत या प्रयोगात ५१ माणसं आहेत, मूळ सारांशात ४२. मूळ पेपर उघडाल तेव्हा आधी हे नऊ जण कुठे गेले ते शोधा. ते कुठल्या गटातले होते, का गेले, त्यांना हिशेबात कसं धरलं? आणि सोबत हेही बघा की '१२ विरुद्ध २' ही मनगटं आहेत की माणसं. एकाच माणसाची दोन मनगटं म्हणजे दोन स्वतंत्र नोंदी नव्हेत.

जे हललं आणि जे हललं नाही

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. मोजणारा अनभिज्ञ होता, पण रुग्ण नव्हते. आसनं करणाऱ्याला आपण आसनं करतोय हे माहीत असणारच. आता निकालांची यादी परत लावा. वेदना : रुग्ण सांगतो. फेलेन चाचणी : मुंग्या आल्या का, रुग्ण सांगतो. पकड : रुग्ण किती जोर लावतो यावर अवलंबून. हे तीनही सुधारले. नसेतला संदेशाचा वेग : इथे रुग्णाच्या मताला वाव जवळजवळ नाही. यात फरक दिसला नाही.

यावरून "सगळा मनाचा खेळ" असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. झोप आणि टिनेल हीसुद्धा रुग्णाच्या सांगण्यावरच असतात आणि तिथेही फरक नव्हता. शिवाय ४२ माणसांत आठ आठवड्यांत नसेचा वेग बदलला नाही, म्हणजे तो कधीच बदलणार नाही असंही नाही. पण दोन दाव्यांमध्ये रेघ ओढायलाच हवी. 'दुखणं कमी झालं' या दाव्याला हा पेपर थोडा आधार देतो. 'नस मोकळी झाली' या दाव्याला देत नाही.

त्यात तुलनाही असमान होती. एका गटाला शिक्षक, वर्ग, आठवड्यातून दोनदा आपुलकीनं केलेली विचारपूस. दुसऱ्याला एक पट्टा 'देऊ केला'. म्हणजे आसनांची तुलना स्प्लिंटशी झाली की एकटेपणाशी? २०१२ साली व्यायाम आणि सांध्यांच्या हालचालींवर स्वतंत्र कॉक्रेन आढावा आला, तेव्हा त्यांनी या सगळ्या क्षेत्रातला पुरावा मर्यादित आणि अगदी खालच्या दर्जाचा ठरवला.

लेप आणि शेकाचा प्रयोग करायला गेलात तर हीच अडचण दुप्पट होते. आंबेहळद लावली की हात पिवळा होतो, वास येतो, मागाहून फडकं बांधावं लागतं. खोटा लेप तसाच पिवळा, तसाच वासाचा आणि तरी निष्क्रिय कसा बनवणार? बरं, ऊब आणि मालीश यांचाच गुण येत असेल तर त्यातली हळद नुसती पाहुणी ठरते. आणि "हळदीतलं कर्क्युमिन दाह कमी करतं" असं प्रयोगशाळेच्या जोरावर सांगणाऱ्यांनी २०१७ सालचा 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मधला कर्क्युमिनवरचा आढावा वाचावा. हा रेणू अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही आणि परीक्षानळीतल्या अनेक चाचण्यांना चकवून खोटे 'पॉझिटिव्ह' देतो, हे त्यात सविस्तर मांडलंय.

यानं कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं. अंधेरी, घाटकोपरच्या कुठल्याही पोळीभाजी केंद्रात पहाटेपासून कणीक तिंबणाऱ्या आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा विचार करा. हात दुखतो म्हणून त्या दवाखान्यात गेल्या तर दिवसाची मजुरी बुडते. शेक आणि तेल घरात फुकट असतं. त्यानं बरं वाटत असेल तर जरूर करावं. भाजणार नाही एवढी ऊब आणि हलकं मालीश यांत नुकसान काही नाही. धोका आहे तो 'सिद्ध झालंय' या शब्दात. दबलेल्या नसेचं दुखणं थोडं कमी होऊन आतला दाब तसाच राहू शकतो. बराच काळ असं चाललं तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजू लागतो आणि कपबशी हातातून निसटते. झिजलेला स्नायू पुन्हा भरेलच याची हमी नसते.

शिवाय 'हातदुखी' हा एक आजार नाही. अंगठ्याच्या बाजूनं मनगट दुखत असेल तर तो डी क्वेर्व्हेनचा त्रास असू शकतो. लहान बाळ सतत उचलणाऱ्या आयांना तो बऱ्याचदा होतो, आणि त्यात प्रश्न कंडरांच्या आवरणाचा असतो, मीडियन नसेचा नाही. मुंग्यांमागे मधुमेह किंवा थायरॉइडही निघू शकतो. म्हणून बोटं सतत बधिर राहणं, रात्री मुंग्यांनी जाग येणं, वस्तू निसटणं, अंगठ्याचं मूळ सपाट होणं, यांपैकी काही दिसलं तर लेप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. हे तुम्हालाही लागू आहे. पीएचडीत दिवसभर पिपेटचं बटण अंगठ्यानं दाबायला लागलात की कळेलच.

आता तुमचं काम

गार्फिंकेल यांच्या पेपरचं श्रेय मी कमी लेखत नाही. यादृच्छिक गट, अनभिज्ञ मोजणारा, आणि न आवडणारे निकालही सारांशात स्पष्ट छापलेले. १९९८ साली घरगुती म्हणाव्या अशा उपायावर इतकं करणं सोपं नव्हतं. अतिरेक पुढे सांगणाऱ्यांनी केला.

मुलाखतीत तुम्हाला "प्रपोजल काय?" असं विचारतात ना, तर सराव म्हणून हे लिहून बघा. एकाच उपनगरातल्या पोळीभाजी केंद्रांत काम करणाऱ्या बायका. एका गटाला आसनं, दुसऱ्या गटाला तितकाच वेळ, तोच शिक्षक आणि मनगटाशी संबंध नसलेला एखादा व्यायाम. मोजायचं काय ते आधीच ठरवून नोंदवलेलं : एक मुख्य मोजमाप, आणि सोबत नसेचा वेग. नोंद माणसागणिक, मनगटागणिक नाही. सोडून गेलेल्यांचा हिशेब ठेवलेला. पाठपुरावा आठ आठवड्यांऐवजी वर्षभर. आणि ज्यांची नस जास्त दबलेली आढळेल त्यांना प्रयोगातून काढून आधी उपचारांकडे पाठवायची सोय, एथिक्स कमिटीनं विचारायच्या आधीच लिहिलेली.

एका पानात बसवा. पहिल्या खर्ड्यात बहुतेक जण तुलनेचा गट विसरतात, म्हणून लिहायला तिथूनच सुरुवात करा.