घरच्या धंद्यात राबणारी बाई: एका तक्त्यात हजर, दुसऱ्यात गैरहजर

सध्या पेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे सिनॉप्सिसचे कच्चे खर्डे वाचायला येतात. विषय रोजगाराचा असेल तर त्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'स्त्रियांचा कामातला सहभाग वाढला, पण त्यांची कमाई घटली.' वाक्याच्या दोन्ही बाजू सरकारी आकड्यांवर उभ्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. माझं भांडण आहे ते मधल्या 'पण'शी. त्या 'पण'मुळे असं वाटतं की दोन्ही बाजूंना त्याच बायका आहेत. तशा त्या नाहीत.

आकडे येतात पीएलएफएसमधून, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून. एप्रिल २०१७ पासून हे सर्वेक्षण सुरू आहे. त्याआधी साधारण दर पाच वर्षांनी रोजगार-बेरोजगारीची मोठी पाहणी व्हायची. १९७२-७३ ला सुरुवात झाली आणि शेवटची २०११-१२ ला झाली. आजची टीका मुख्यतः २०२३-२४ च्या वार्षिक अहवालावर आहे. पण आधी हे सांगायला हवं की हे सर्वेक्षण मला आवडतं. वर्षाला लाखावर कुटुंबं, चार लाखांवर माणसं आणि एकेका माणसाची नोंद फुकट डाउनलोड करता येते. शिवाय जुन्या पाहण्यांत फक्त पगारदार आणि रोजंदारीवाल्यांनाच मिळकत विचारली जायची, स्वयंरोजगार करणाऱ्यांना नाही. देशातल्या निम्म्याहून जास्त कामकऱ्यांची कमाई आपल्याला माहीतच नव्हती. पीएलएफएसने ती विचारायला सुरुवात केली, हे मोठंच काम झालं. म्हणून तर तक्रार करण्यात अर्थ आहे.

आता आकडे. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत एवढी उडी! प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण २२ वरून ४०.३ टक्क्यांवर गेलं. दुसरीकडे २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात याच सर्वेक्षणावरून काढलेली, महागाई वजा केलेली मासिक कमाई दिली आहे. स्वयंरोजगारातल्या स्त्रियांची सरासरी ४,३४८ रुपयांवरून २,९५० रुपयांवर आली. म्हणजे ३२ टक्के घट. पुरुषांची ९,४५४ वरून ८,५९१ वर आली. पगारदारांचीही थोडी घटलीच, वाढली ती रोजंदारी. पण ३२ टक्क्यांसारखी घसरण दुसऱ्या कुठल्याच गटात नाही.

या दोन आकड्यांच्या मध्ये कोण उभं आहे ते बघण्यासाठी सर्वेक्षणाचे कोड माहीत असावे लागतात. ज्यांना डेटावर काम करायचंय त्यांनी हे पाठच करा. ११ म्हणजे स्वतःच्या जोरावर धंदा किंवा शेती करणारा. १२ म्हणजे माणसं कामाला ठेवणारा मालक. २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी व्यक्ती. तिघांची बेरीज म्हणजे 'स्वयंरोजगार'. पुढे ३१ नियमित पगारी, ५१ रोजंदारी, ९२ फक्त घरकाम, आणि ९३ घरकाम अधिक सरपण-चारा गोळा करणं, घरच्यापुरतं शिवणकाम असलं काही.

कोड २१ ची बाई 'कामकरी' म्हणून मोजली जाते. योग्यच आहे, ती राबतेच. पण तिला कमाईचा प्रश्न विचारला जात नाही, कारण तिच्या हातात काही येत नाही. मग कमाईच्या सरासरीत ती शून्य म्हणून तरी धरली जाते का? तर नाही, ती तिथून बाहेरच पडते. रोजगाराच्या तक्त्यात ती आहे, कमाईच्या तक्त्यात नाही.

असेल थोड्या बायकांचा प्रश्न, असं वाटेल. तर बघा. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकी ६७.४ स्वयंरोजगारात होत्या आणि त्यातल्या ३६.७ कोड २१ मध्ये. म्हणजे 'स्वयंरोजगारातल्या स्त्रियांची सरासरी कमाई' असं ज्या आकड्याला नाव आहे, त्यात स्वयंरोजगारातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया धरलेल्याच नाहीत.

वाढ कुठून आली तेही अहवालाच्या आकड्यांवरून काढता येतं. मी दोन तक्ते गुणले. कामाचं प्रमाण १५ वर्षांवरचं आणि कामाच्या प्रकारांची वाटणी सर्व वयांची आहे, त्यामुळे थोडी चूक राहते, पण चित्र बदलत नाही. २०१७-१८ मध्ये दर १०० प्रौढ स्त्रियांमागे सुमारे ७ घरच्या धंद्यात मदतनीस होत्या, २०२३-२४ मध्ये सुमारे १५. स्वतःचा धंदा-शेती बघणाऱ्या साडेचारवरून साडेबारावर गेल्या. पगारी नोकरीत साडेचारच्या जागी जेमतेम साडेसहा, रोजंदारीत सहावरून पावणेसात. शंभरात ज्या १८ जणी वाढल्या, त्यातल्या जवळजवळ १६ स्वयंरोजगारात, आणि त्यातल्या साधारण निम्म्या कमाईच्या तक्त्यात दिसतच नाहीत.

उरलेल्या निम्म्या दिसतात. खरा गोंधळ तिथे आहे. समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. गावात १०० बायका. पहिल्या वर्षी २० काम करतात: १२ जणी स्वतःचा धंदा करून महिन्याला प्रत्येकी ६,००० कमावतात आणि ८ मदतनीस. सहा वर्षांनी ४० काम करतात. त्या १२ जणींची कमाई आहे तेवढीच, ६,०००. नव्या ८ जणींनी पिको-फॉल, पापड, शेळ्या असं काहीबाही सुरू केलंय, प्रत्येकी २,५००. आणि मदतनीस २०. महागाई विसरून जाऊ.

सर्वेक्षणाच्या पद्धतीने सरासरी काढा. आधी ६,०००, नंतर ९२,००० भागिले २०, म्हणजे ४,६००. घट २३ टक्के. प्रत्यक्षात एकाही बाईची कमाई एका रुपयाने कमी झालेली नाही.

आता मदतनीस बायकांना शून्य धरून भागाकारात घ्या. आधी ७२,००० भागिले २०, म्हणजे ३,६००. नंतर ९२,००० भागिले ४०, म्हणजे २,३००. घट ३६ टक्के.

आता गावातल्या सगळ्या १०० बायकांनी भागा. आधी ७२०, नंतर ९२०. वाढ २८ टक्के!

गाव एकच, माणसं तीच, पैसे तेवढेच, फक्त छेद बदलला. सायन्सवाल्यांना हे नवीन नाही. गटात कोण-कोण आहे ते बदललं की सरासरी हलते, हे आपण बीएस्सीलाच शिकतो. तरी वर्तमानपत्रातला आकडा दिसला की आपण ते विसरतो. '३२ टक्के घट' याचा अर्थ 'त्याच बाईच्या कमाईतून तिसरा हिस्सा गेला' असा लावायला या डेटात आधार नाही. आणि 'सगळा फक्त नव्या बायकांच्या भरतीचा परिणाम आहे' असं म्हणायलाही नाही. जुन्या बाईचीही कमाई घटली असेल. दोन्ही एकदम होऊ शकतं. हे सुटायला तीच बाई पुन्हा भेटायला हवी, आणि २०२४ पर्यंत पुन्हा भेटी फक्त शहरांत होत होत्या, तिमाहीला एक अशा चार. ही वाढ तर मुख्यतः खेड्यातली.

तीन छेदांतला खरा कोणता, असं विचाराल. तुमचा प्रश्न काय आहे त्यावर ते ठरतं. धंदा करणाऱ्या बाईला बाजारात काय मिळतं हे बघायचं असेल तर पहिला. काम आणि मोबदला यांचं नातं बघायचं तर दुसरा. बायकांच्या हातात एकूण पैसा किती येतो, तर तिसरा. सिनॉप्सिसमध्ये हे आधी लिहा आणि मग आकडा. अहवाल मात्र पहिलाच छापतो, आणि नाव देतो सगळ्यांचं.

याहून मला जास्त खुपते ती गोष्ट पुरुषांच्या रकान्यात आहे. घरी दोन म्हशी आहेत असं समजा. धारा, शेण, वैरण, पाणी बाईकडे. दूध डेअरीला जातं, खातं नवऱ्याच्या नावावर. सर्वेक्षणात नवरा कोड ११, बायको कोड २१. दुधाची सगळी मिळकत नवऱ्याच्या पुढे लिहिली जाते. म्हणजे पुरुषांच्या त्या ८,५९१ रुपयांच्या सरासरीत बायकांचे श्रम मिसळलेले आहेत. मग आपण ८,५९१ आणि २,९५० शेजारी-शेजारी ठेवतो आणि म्हणतो, स्वयंरोजगारात स्त्रिया पुरुषांच्या एक तृतीयांश कमावतात. ही तुलना एका माणसाची दुसऱ्या माणसाशी नाहीच. एका बाजूला बऱ्याचदा अख्खं कुटुंब आहे आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई. यावरून 'दरी खोटी आहे' असं कुणी काढू नका. दरी कदाचित वेगळ्याच जागी आहे: कोड कुणाला ११ मिळतो आणि कुणाला २१, तिथेच.

काळाचा घोळ वेगळा. सहभागाचा गाजणारा आकडा मागच्या ३६५ दिवसांवरचा आहे, आणि त्यात वर्षातून ३० दिवस जोडकाम केलं तरी माणूस कामकरी ठरतो. कमाईचे तक्ते मात्र मागच्या सात दिवसांतल्या कामावरून पाडलेल्या गटांचे. त्यातही स्वयंरोजगारवाल्याला मागच्या ३० दिवसांची कमाई विचारतात, पगारदाराला मागच्या महिन्याची, रोजंदारीवाल्याला त्या सात दिवसांची. सोयाबीन विकलं नोव्हेंबरात आणि प्रश्न विचारणारा आला जूनमध्ये, तर त्या शेतकऱ्याने काय सांगायचं? पाहणी वर्षभर चालते म्हणून सरासरी एकवेळ सावरते, पण याच डेटावरून विषमता मोजायला गेलात तर पेरणीच्या आणि विक्रीच्या महिन्यातला फरक तुम्ही गरीब-श्रीमंत म्हणून मोजाल.

सहभाग का वाढला यावरही वाद आहे. कुणी म्हणतं घरची ओढाताण, कुणी म्हणतं गॅस-पाण्यामुळे वेळ मिळाला, कुणी म्हणतं आधी जी बाई ९३ मध्ये जायची तिला आता पाहणी करणारे नीट विचारून २१ मध्ये घालतात. मला तिसऱ्या शक्यतेवर कुणीतरी नेटकं काम करावं असं फार वाटतं, कारण ९३ आणि २१ मधली रेघ शेवटी एका ओट्यावरच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात ठरते. सीएमआयई या मुंबईच्या संस्थेच्या पाहणीत स्त्रियांचा सहभाग याच्या साधारण पाव भागाएवढाच येतो. तिथे व्याख्या कडक आहे. एकाच देशाचे, एकाच काळातले हे दोन आकडे.

या सगळ्यात नवीन काही नाही, हेही सांगतो. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ प्रा. मो. ला. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्येच बजावलं होतं की आपल्यासारख्या देशात, जिथे बहुतेक लोक घरच्याच शेती-धंद्यात आहेत, तिथे श्रमशक्तीचा एकच गोळाबेरीज आकडा काढण्यात अर्थ नाही. त्या अहवालानंतरच १९७२-७३ ची पाहणी आखली गेली. पन्नास वर्षांनी आपण पुन्हा एकाच आकड्याची पत्रकं काढतो.

माझी अहवालाकडे मागणी छोटी आहे. कमाईच्या तक्त्याखाली एक ओळ: या सरासरीत किती व्यक्ती धरल्या, किती मदतनीस वगळल्या. आणि शेजारी एक रकाना: मदतनीसांसह दर कामकरी व्यक्तीमागे कुटुंबाची स्वयंरोजगाराची कमाई. दोन्हींसाठी नवा प्रश्न विचारायला नको, माहिती आधीच गोळा झालेली आहे.

अहवाल ते करेपर्यंत तुम्ही करू शकता. युनिट-लेव्हल फाइल उतरवा, साप्ताहिक स्थितीचा कोड घ्या, ११, १२ आणि २१ वेगळे करा, कुटुंबाच्या क्रमांकावर कमाई एकत्र करा, भारांक लावायला विसरू नका. मग कोड २१ ची बाई असलेली आणि नसलेली कुटुंबं वेगळी काढून ११ वाल्या पुरुषांची सरासरी बघा. जानेवारी २०२५ पासून खेड्यातही त्याच घरी सलग चार महिने चार भेटी होतायत. चार महिन्यांत सहा वर्षांची गोष्ट कळणार नाही, पण एका महिन्यात २१ असलेली बाई पुढच्या महिन्यात ९२ कशी होते, हे तरी पहिल्यांदाच मोजता येईल.