आल्फाफोल्ड वापरताय? आधी रंग बघा

‘प्रोटीन फोल्डिंगचा प्रश्न एआयने सोडवला’ हे वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल तर आधी खोडा. ते निम्मंच खरं आहे.

जुलै २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये जंपर आणि सहकाऱ्यांचा आल्फाफोल्डवरचा पेपर आला. अमिनो आम्लांचा क्रम द्या, प्रथिनाचा त्रिमितीय आकार घ्या, आणि तोही पुष्कळदा प्रयोगाच्या तोडीचा. क्रिस्टलोग्राफीने हेच करायला महिने, कधी वर्षं जातात. स्फटिक धरलाच नाही तर पीएचडी तिथंच अडकते. २०२२ मध्ये डेटाबेस २० कोटींच्या वर गेला, २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल हसाबिस आणि जंपर यांना मिळालं. कौतुक रास्तच आहे.

पण पेपर नीट वाचा. मॉडेल शेवटचा आकार सांगतं. साखळी घड्या पडत तिथवर पोचते कशी, ते सांगत नाही. आणि ते शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर. म्हणजे १९७१ पासून जगभरच्या लोकांनी प्रयोगांनी शोधून सगळ्यांना खुल्या केलेल्या रचनांवर. (बातम्यांत त्यांचं नाव शोधून दाखवा!)

मला त्या पेपरातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते पीएलडीडीटी. प्रत्येक अमिनो आम्लाच्या जागेबद्दल स्वतःला किती खात्री आहे, हे मॉडेल ० ते १०० मध्ये सांगतं. ९० च्या वर गडद निळा, ५० च्या खाली नारंगी.

पहिल्या वर्षी मी हे पाहिलंच नाही. स्क्रीनवर एक छान वेटोळं दिसलं, तिथंच म्युटेशन करायचं ठरवलं, प्रायमर मागवले. लॅब मीटिंगमध्ये सीनियर ताईने रंग चालू केले आणि माझं वेटोळं अख्खं नारंगी निघालं. चार महिने पाण्यात. बरं, नारंगी म्हणजे दरवेळी मॉडेलची चूक असंही नाही. अनेकदा तो भाग ठरावीक आकार घेतच नसतो. माझा प्रश्नच मुळात तिथं चुकला होता.

निळ्यावरही लगेच भाळू नका. दोन निळे भाग एकमेकांशी कसे बसतात, ते पीएईच्या आलेखात बघावं लागतं. शिवाय एक अमिनो आम्ल बदलून पाहिलंत तर मॉडेल बहुतेकदा जवळपास तोच आकार परत देतं. म्युटेशनने प्रथिन बिघडतं का, हे त्यावरून कळत नाही. व्हायवात हे विचारलं तर ‘मॉडेलमध्ये काही फरक दिसला नाही’ एवढ्यावर भागणार नाही. प्रथिन शुद्ध करून त्याची स्थिरता मोजावी लागेल, आणि ते काम तुमच्या वेळापत्रकात आत्ताच धरा.