दुर्बीण घासावी की घ्यावी?

खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेली ७६ मिलिमीटरची दुर्बीण आम्ही शिरगावच्या किनाऱ्यावर लावली. चंद्र छान दिसला. शनीवर रोखली, तर वाऱ्याने तिपाई थरथरली. कडं दिसेना, रांगेतली पोरं हिरमुसली. उपयोगी वर्धन मिलिमीटरमागे दोन पट, म्हणजे फार तर दीडशे. बाकी नुसती जाहिरात.

मग आरसा घरीच घासावा? कार्बोरंडमने सहा इंची आरसा घासायला महिने जातात, वर ॲल्युमिनियमचा मुलामा बाहेरूनच. स्वस्त पडेलच असं नाही.

आमचं मत: सहा इंची आरसा तयार घ्या, प्रकाश चौपट मिळतो. जॉन डॉब्सन यांच्या पद्धतीची प्लायवूडची बैठक मात्र गावच्या सुताराकडून करून घ्या. वाऱ्याला पुरून उरली पाहिजे ती बैठकच.