शालेय ग्रंथालयातील ग्रंथसंस्कार : बोधांकपट्टीविषयी एक विचार

शाळेच्या ग्रंथालयात नवे पुस्तक आले म्हणजे ते लगेच मुलाच्या हाती जात नाही. बिलाशी ते ताडून पाहावे लागते. पाने उलटीसुलटी बांधली गेली नाहीत ना, हे तपासावे लागते. मग मुखपृष्ठामागील पानावर व एका ठरावीक आतल्या पानावर शिक्का उमटतो, दाखल-नोंदवहीत क्रमांक पडतो, वर्गांक ठरतो, तालिकापत्र लिहिले जाते, तारीखपट्टी डकवली जाते आणि शेवटी पुस्तकाच्या कण्यावर तळापासून सुमारे सव्वा इंचावर बोधांकाची पट्टी चिकटते. या साऱ्या क्रियांना ग्रंथालयशास्त्रात ग्रंथसंस्कार असे नाव आहे. हे काम यांत्रिक असून कारकुनाने उरकावयाचे आहे, असा एक समज आढळतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दाखल-नोंदवही ही मालमत्तेची नोंद आहे. पुस्तक कधी आले, कोणाकडून आले, किंमत काय पडली, हे ती सांगते. तिचा वाचक म्हणजे हिशेबतपासनीस. उलट बोधांकपट्टी ही दिशादर्शक खूण असून तिचा वाचक म्हणजे मूल. आपल्या अनेक शाळांत पहिले काम चोख होते आणि दुसरे राहून जाते. नोंदवही पूर्ण, शिक्के जागच्या जागी, आणि पुस्तके मात्र दाखल क्रमांकाच्या क्रमाने कुलूपबंद कपाटात! दाखल क्रमांक पुस्तक कधी आले एवढेच सांगतो, ते कशाविषयी आहे हे सांगत नाही. त्या क्रमाने लावलेल्या कपाटात ताऱ्यांविषयीचे पुस्तक एकांकिकांच्या शेजारी उभे राहते आणि त्याच विषयावरचे दुसरे पुस्तक चार खणांपलीकडे जाते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे म्हटले आहे. पुस्तके असणे आणि ती सापडणे यांत मात्र अंतर आहे, आणि ते अंतर तोडण्याचे साधन म्हणजे ही पट्टी.

आता पट्टीवर लिहावयाचे काय? मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीचा आपल्याकडे बराच प्रसार आहे. तीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. त्यापुढे १ लिहिला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. मोठ्या, बहुभाषिक संग्रहाला ही योजना उपकारक ठरते, याविषयी दुमत नाही. परंतु मराठी शाळेच्या ग्रंथालयातील ललित पुस्तके बहुतांशी मराठीच असतात. तेथे प्रत्येक कण्यावर ८९१.४६ लिहिल्याने काय साधते? जी खूण सर्वांच्या अंगावर आहे ती कोणालाही वेगळे करीत नाही. शिवाय ज्या मुलाला दशांश अपूर्णांक अजून शिकावयाचे आहेत त्याच्यापुढे आपण तीन स्थळांचा दशांश ठेवतो. स्थानिक भाषेच्या साहित्याला जवळचे स्थान देण्याची मुभा खुद्द या पद्धतीतच आहे, आणि लहान ग्रंथालयांसाठी तिची संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे. म्हणजे दोष पद्धतीचा नाही. तो ती डोळे मिटून उतरवून घेणाऱ्यांचा आहे. बडोदे संस्थानात १९१० साली आलेल्या बॉर्डन यांनी आपल्या देशाची पद्धती जशीच्या तशी लादली नाही. तेथील गरज पाहून त्यांनी निराळी योजना सिद्ध केली. तो विवेक आज शंभर वर्षांनंतरही अनुकरणीय आहे.

वर्गांकाखाली कर्त्याच्या नावाचे आद्याक्षर येते. येथे प्रश्न खऱ्या अर्थाने वाङ्मयीन होतो. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. पुस्तकावरील नाव जसेच्या तसे घेतले तर एकाच लेखकाला ‘ग’, ‘गो’ आणि ‘बा’ अशा तीन खुणा मिळतात. आणि ‘एकच प्याला’ वाचून भारावलेल्या मुलाला ‘वाग्वैजयंती’चा कर्ता तोच आहे, हे कपाट कधीच सांगत नाही. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज यांचीही तीच गत. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव ‘ज’मध्ये शोधावे की ‘ह’च्या पुढे? २००९ च्या शासननिर्णयातील वर्णमालेत क्ष व ज्ञ शेवटी दिलेले आहेत. तो क्रम घ्यावा वा न घ्यावा. पण एका ग्रंथालयात एकच क्रम असावा आणि तो भिंतीवर लिहिलेला असावा.

याहून बिकट प्रसंग ‘श्यामची आई’चा. साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक कथा म्हणावे की आत्मचरित्र? कथेत घातले तर त्यातील सत्याचा आधार झाकला जातो. चरित्रात घातले तर गोष्ट शोधणारे मूल तिकडे फिरकत नाही. म्हणजे पट्टी लिहिणारा मनुष्य एक वाङ्मयीन निर्णय देत असतो, आणि तोही असा की ज्याच्यावर पुढे कोणी टीकालेख लिहिणार नाही. अशा वेळी मूल ते पुस्तक कोठे शोधील, हा निकष आम्हांस अधिक योग्य वाटतो. दुसऱ्या जागेचा निर्देश तालिकापत्राने करावा.

इयत्तांनुसार रंगीत पट्ट्या लावण्याची प्रथाही तपासून पाहण्याजोगी आहे. पुस्तक निवडण्यास ती शिक्षकाला साहाय्य करते, हे मान्य. पण सातवीतील जे मूल सावकाश वाचते, त्याने तिसरीच्या रंगाचे पुस्तक वर्गासमोर कसे उचलावे? रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे आहे. त्याच्या इयत्तेचे पुस्तक मिळावे असे नाही. रंग विषयासाठी वापरावा, वाचकाची प्रत लावण्यासाठी नव्हे.

शेवटी एक लहानशी, पण उपेक्षित गोष्ट. मुलांची चित्रपुस्तके बहुधा पातळ असून त्यांना कणाच नसतो. मग पट्टी मुखपृष्ठावर येते, आणि कित्येकदा नेमकी चित्रकाराच्या नावावर. शिक्काही एखाद्या चित्राच्या मध्यभागी बसलेला आढळतो. मालकी सिद्ध होते, परंतु जी वस्तू मालकीची करून घेतली तीच विद्रूप होते. अशी पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी उभी मांडावी आणि पट्टी खालच्या डाव्या कोपऱ्यात, नाव व चित्र मोकळे सोडून लावावी.

तात्पर्य, ग्रंथसंस्कार हे केवळ हस्तकौशल्याचे काम नाही. दोन इंच कागदावर काय लिहावे हे ठरविताना पुस्तक कोणते आहे आणि ते कोणासाठी आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिल्या प्रश्नाचा विचार आमच्या साहित्यविभागांत पुष्कळ होतो. दुसरा प्रश्न आम्ही ग्रंथपालावर सोपवून मोकळे होतो. आणि ज्या शाळेत ग्रंथपाल नाही तेथे तो कोणीच विचारीत नाही. तो विचारला जात नाही तोवर नोंदवहीत असलेले पुस्तक मुलाच्या दृष्टीने आलेलेच नसते.