स्ट्रॅटफर्डची निनावी शिळा

इंग्लंडमधील एव्हन नदीच्या काठाने, दुतर्फा झाडे असलेल्या वाटेवरून आम्ही स्ट्रॅटफर्डच्या पवित्र त्रैक्य ख्रिस्तमंदिरात पोहोचलो, तेव्हा मनात एक साधी अपेक्षा होती. ज्या नाटककाराचे नाव शाळेच्या बाकावर बसल्यापासून ऐकत आलो, त्याच्या कबरीवर ते नाव कोरलेले दिसेल, ही ती अपेक्षा. ती पुरी झाली नाही. वेदीसमोरच्या फरशीत बसवलेल्या त्या शिळेवर विल्यम शेक्सपिअरचे नाव नाही, जन्ममृत्यूच्या तारखा नाहीत. आहेत त्या केवळ चार ओळी. येथील माती उकरू नये अशी ख्रिस्ताच्या नावाने केलेली विनवणी, दगड जपणाऱ्यास आशीर्वाद आणि अस्थी हलवणाऱ्यास शाप!

काव्य म्हणून पाहिले तर या ओळी सामान्यच म्हणाव्या लागतील. त्या त्याने स्वतः लिहिल्या की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु त्यांमागील भय मात्र खरे आहे. याच ख्रिस्तमंदिराला लागून त्या काळी एक अस्थिगृह होते आणि नव्या मृतांना जागा करून देण्यासाठी जुन्यांच्या अस्थी काढून तेथे टाकल्या जात. १८०० साली ते पाडण्यात आले. ‘हॅम्लेट’मधील कबर खोदणाऱ्यांचा प्रवेश ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे दृश्य अपरिचित वाटणार नाही. आणि आपल्या दाटीच्या धर्मग्रामांत, काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तर त्या चार ओळींचा अर्थ समजावून सांगण्याची गरजच नाही. तेथे कवी बोलत नाही. तेथे आपल्यासारखाच एक मर्त्य जीव बोलतो आहे. २०१६ साली जमीन न खणता, रडारच्या साहाय्याने या कबरीची पाहणी झाली. तेव्हा ती एक मीटरपेक्षाही कमी खोल असल्याचे आढळले आणि डोक्याकडील भागात पूर्वी कधीतरी ढवळाढवळ झाल्याच्या खुणाही दिसल्या. म्हणजे शापालाही मर्यादा असाव्यात!

मग प्रश्न उरतो तो असा की, एका नाटककाराला वेदीसमोरची ही मानाची जागा मिळाली कशी? उत्तर ऐकून आम्ही काहीसे खट्टू झालो. पूर्वी या ख्रिस्तमंदिराचा दशांश तेथील धर्मगुरूंच्या मंडळाकडे जात असे. धर्मसुधारणेच्या काळात ते मंडळ विसर्जित झाले आणि दशांश सामान्य जनांच्या हाती गेला. १६०५ साली शेक्सपिअरने त्यातील एक हिस्सा ४४० पौंडांना विकत घेतला आणि त्याबरोबर वेदीजवळ दफन होण्याचा हक्कही त्याच्याकडे आला. तात्पर्य, तो तेथे विसावला आहे तो कवी म्हणून नव्हे, तर दशांशाचा धनी म्हणून.

कबरीच्या वर, उत्तरेकडील भिंतीवर त्याचे स्मारक आहे. चुनखडीच्या दगडातील अर्धपुतळा, हातात पिसाची लेखणी, समोर उशीवर कागद. चेहरा भरलेला, काहीसा निर्विकार. १७९३ साली एडमंड मलोन या विद्वानाच्या सांगण्यावरून त्याला पांढरा रंग फासण्यात आला होता. १८६१ साली तो काढून मूळचे रंग पुन्हा उजळले गेले. खाली लॅटिन लेख आहे. विवेकात नेस्टर, बुद्धीत सॉक्रेटिस आणि कलेत व्हर्जिल, अशी त्यात तुलना आहे. स्तुती थोरच, पण ती कोणाही विद्वानाला शोभावी अशी. इंग्रजी ओळींत त्याच्या लेखनाचा उल्लेख आहे खरा, तथापि ‘नाटक’ हा शब्द तेथे शोधूनही सापडत नाही. धर्मग्रामाच्या नोंदवहीचेही तेच. २६ एप्रिल १५६४ च्या स्नानसंस्काराच्या नोंदीत तो जॉनचा पुत्र आहे आणि २५ एप्रिल १६१६ च्या दफनाच्या नोंदीत एक प्रतिष्ठित गृहस्थ. गावाने आपला माणूस जपला. लेखक मात्र त्याच्या नजरेतून निसटला, असेच आम्हांला वाटले.

लेखक जपला तो इतरांनी. जॉन हेमिंग्ज व हेन्री कॉन्डेल या त्याच्या दोन सहकारी नटांनी १६२३ साली त्याची ३६ नाटके एका ग्रंथात छापून आणली. त्यांतील १८ तोवर कधी छापलीच गेली नव्हती. ‘मॅकबेथ’, ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘टेम्पेस्ट’ त्यांतलीच. हा ग्रंथ निघाला नसता, तर स्ट्रॅटफर्डच्या त्या पुतळ्यासमोर आज कोण थांबले असते?

परतताना आम्हांला १६१६ हे साल वेगळ्याच कारणाने आठवत राहिले. शेक्सपिअरला ज्या वर्षी मूठमाती मिळाली, त्याच वर्षी गोव्यातील रायतूर येथे त्याच्याच देशाच्या एका धर्मगुरूचा ग्रंथ छापून निघाला. तो धर्मगुरू म्हणजे १५७९ साली गोव्यात उतरलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स आणि तो ग्रंथ म्हणजे आपल्या मराठीतील ‘क्रिस्तपुराण’. सुमारे ११,००० ओव्यांच्या त्या महाग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही तो बुडाला नाही, कारण भाविकांनी तो हातांनी उतरवून घेतला, वाचला, गायिला. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला जे. एल. सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. तेथे नट पुढे आले, येथे भाविक, काम एकच.

स्मारकांना आमचा विरोध नाही. त्या वेदीसमोर उभे राहिलो तेव्हा आमचेही हात नकळत जोडले गेले आणि ओठांवर मृतांसाठीची प्रार्थना आली. परंतु दगडाला जे सांगता येते ते थोडेच असते. तो कुळ सांगतो, पत सांगतो, फार तर चेहरा दाखवतो. आपल्या धर्मग्रामांतील लेखकांच्या, कवींच्या कबरींवर आपण २ नोव्हेंबरला फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, ते योग्यच आहे. पण त्यांची पुस्तके घरातील कोणत्या कपाटात आहेत, त्यांच्या वह्या कोणाच्या माळ्यावर पडल्या आहेत, हेही त्याच दिवशी विचारावे. शेक्सपिअरच्या कबरीवर नाव नाही, आणि त्याचे काही बिघडलेले नाही. वाळवीने खाल्लेल्या वहीचे मात्र कोणत्याही संगमरवराने भागत नाही.