स्वधर्म कोणाचा? : एका ग्रंथाच्या निमित्ताने

आळंदीत राहून मेक्सिकोच्या धर्मेतिहासावर लिहिणे हे काहींना उसने दुखणे वाटेल. पण डेव्हिड तावारेस यांचा ‘द इनव्हिजिबल वॉर’ (२०११) हा ग्रंथ मी वाचला तो परका म्हणून नव्हे. स्पॅनिश सत्तेखालच्या नाहुआ आणि झापोटेक लोकांचा जुना धर्म पाद्र्यांनी कसा शोधला, कसा दंडिला आणि तो तरीही कसा टिकला, याची ती हकीकत आहे. पान उलटताना मला सारखे वाटत होते, की ही चौकशी मी पाहिली आहे. आमच्याच घराच्या ओट्यावर पाहिली आहे.

ग्रंथाचे मोठेपण आधी सांगतो. जुन्या अभ्यासकांचा आधार मुख्यतः पाद्र्यांच्या लिखाणावर असे. रोबेर रिकार यांनी १९३३ साली मेक्सिकोच्या ‘आध्यात्मिक विजया’चा इतिहास लिहिला, तो जिंकणाऱ्याच्या बाजूने पाहिलेला. पुढे जेम्स लॉकहार्ट यांनी नाहुआंची स्वतःच्या भाषेतली मृत्युपत्रे, गावसभांचे कागद वाचले आणि चित्र पालटले. तावारेस त्याच वाटेने झापोटेकांकडे जातात. १७०४-०५ मध्ये ओआहाकाच्या बिशप माल्दोनादोने व्हिया आल्ता भागातल्या गावांना अभय देऊ केले. अट एवढीच, की कबुली द्या आणि पोथ्या स्वाधीन करा. शंभराच्या आसपास हस्तलिखिते जमा झाली. दोनशे साठ दिवसांच्या कालगणनेच्या त्या वह्या होत्या, गावच्या जाणत्यांनी रोमन अक्षरांत पण झापोटेक भाषेत लिहिलेल्या. आज त्या सेव्हिलच्या दफ्तरखान्यात आहेत. ज्याने त्या नष्ट व्हाव्यात म्हणून चौकशी मांडली त्याच्याच दप्तरामुळे त्या उरल्या.

‘जुन्या-नव्याची सरमिसळ झाली’ या एका वाक्यात तावारेस विषय मिटवत नाहीत, हे मला विशेष पटले. माणूस घरापुरते, स्वतःच्या आजारापुरते जे करतो ते एक, आणि गाव मिळून जे करतो ते दुसरे, असा भेद ते करतात. आपल्या भाषेत, घरचा देव आणि गावकीचा देव.

इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. आता आपल्याकडे वळतो.

मराठीत या विषयाचे नाव काढले की समीक्षक ‘ख्रिस्तपुराणा’कडे धावतात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे अकरा हजारांच्या घरातल्या ओव्यांचे पुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी ते संपादून काढले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून पोरे पाठ करत आली. परदेशी माणूस आपल्या भाषेवर लुब्ध झाला याचा प्रस्थापित समीक्षेला केवढा हर्ष! पण ही भाषा कोणाची, हा प्रश्न तिला सुचत नाही. स्टीफन्सच्याच ख्रिस्ती शिकवणुकीच्या पुस्तकाच्या शीर्षकात, १६२२ साली, त्या बोलीला ‘ब्राह्मण कानरी’ असे नाव दिलेले आहे. म्हणजे पाद्र्याने इथला धर्म समजून घेतला तो वरच्या माडीवरून. त्याने उसने घेतले ते वैकुंठ, पुराण, ओवी. साष्टीतल्या महाराच्या घरात कोणता देव होता, तो कशाला भीत होता, हे त्याला विचारावेसे वाटले नसावे. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात बामण, चाड्डो, सुदिर ही उतरंड बाप्तिस्म्यानंतरही उभी राहिली, यात मग नवल ते काय?

एका शब्दाचे उदाहरण घेऊ. लुइज बर्कहार्ट यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की पाद्र्यांनी ‘पाप’ सांगायला नाहुआंचा ‘त्लात्लाकोल्ली’ हा शब्द घेतला. त्याचा मूळ अर्थ बिघडलेले, नासलेले काही. पाद्री बोलत होता आत्म्याच्या अपराधाविषयी, ऐकणाऱ्याला ऐकू येत होते जगाची घडी विस्कटल्याचे. आपल्याकडे पाद्र्याने ‘पाप’ हाच शब्द उचलला. तो महारामांगाच्या कानावर पडला तेव्हा काय झाले असेल? त्याला शतकानुशतके सांगितले होते, की तुझा जन्म हाच तुझ्या पापाचा पुरावा. आपल्या हीन जन्माचे कारण गतजन्मीच्या दोषात शोधणारा अभंग खुद्द चोखोबांच्या नावावर आहे. त्याला पुन्हा कोणी येऊन ‘तू पापी आहेस’ म्हणाला, तर ती शुभवार्ता कशी? हा अभ्यास मराठीत व्हायला हवा होता.

तावारेस यांची चौकट आपल्याला अपुरी पडते ती याच ठिकाणी. झापोटेक गावाचा जुना धर्म गावाचा होता. त्या वह्या त्यांच्या, जाणते त्यांचे, डोंगरावरची पूजा त्यांची. म्हणून तिच्यासाठी रक्त सांडले. १७०० साली सान फ्रान्सिस्को काहोनोस गावात दोघा स्थानिक चर्चसेवकांनी रात्रीच्या पूजेची खबर पाद्र्यांना दिली. गावकऱ्यांनी त्यांना मारले, पुढे पंधरा गावकरी फासावर गेले. २००२ मध्ये पोपने धन्य घोषित केले ते खबर देणाऱ्या दोघांना. गोव्यातल्या कुंकळ्ळीची गोष्ट वेगळी नाही. १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले, बदल्यात गावकरांच्या म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापले. १८९३ मध्ये धन्य ठरले ते पाचजण. पण कुंकळ्ळीचे गावकर हे जमिनीचे, देवळाचे मालक होते. त्यांना राखायला काही होते.

महाराला गावकीचा देव म्हणजे काम. जत्रेत रेडा धरायचा महाराने, वेशीवर जागायचे महाराने, मेलेले ढोर ओढायचे महाराने, आणि देवळाच्या पायरीवर चढायचे नाही. हा ‘स्वधर्म’ होता की वेठ? १८५५ साली ‘ज्ञानोदया’त, म्हणजे मिशनऱ्यांच्याच पत्रात, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने निबंध लिहिला. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचे पुस्तक कोणते, आम्ही धर्मरहितच की काय, हा तिचा सवाल होता. वय अवघे चौदा. मला वाटते, धर्मांतराच्या अभ्यासाची सुरुवात मराठीत या निबंधापासून व्हावी. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्रापासून किंवा टिळकांच्या १८९५ च्या बाप्तिस्म्यापासून होते ती सुरुवात सोयीची आहे. ती माणसे मोठीच. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’पुढे मी नम्र आहे. पण अहमदनगर जिल्ह्यात मिशनकडे जे शेकड्यांनी आले ते टिळक नव्हते. ते महार-मांग होते आणि इतिहासात त्यांचा उल्लेख येतो तो आकड्यांत. भाकरीसाठी आले, असे वर म्हटले जाते. भाकरीसाठी देव सोडणारा हलका, आणि भाकरी न देणारा देव?

आता ओट्यावरच्या चौकशीबद्दल. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, इथून काही मैलांवर. पंढरीचा विठोबा म्हणजे बुद्धच, असे ते त्या दिवशी बोलले. माझा आजा त्या गर्दीत होता. आयुष्यभर त्याने आळंदीची कार्तिकी चुकवली नव्हती. नागपूरच्या दीक्षेनंतर त्याने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून इंद्रायणीत सोडले. तेव्हा नदीवर आजच्यासारखा कारखान्यांचा फेस नव्हता, टाक बुडताना दिसले असे आजी सांगे. पुढे बऱ्याच वर्षांनी एक अभ्यासक वही घेऊन आला. “आजी, घरात मरीआईचे काही करता का अजून?” आजीने त्याच्या बुटांकडे, वहीकडे पाहिले आणि म्हणाली, “करतो की.” त्याने लिहून घेतले. तो गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. ती म्हणाली, “त्याला तेच पायजे व्हतं. लांबून आलं व्हतं बिचारं.”

त्याच आळीतला आमचा एक कार्यकर्ता आला, की ती त्याला तितक्याच सहजपणे “काई करत न्हाई बाबा” असे सांगे. आमचे कार्यकर्तेही घरोघरी देव्हारे तपासत, हे मला कबूल केले पाहिजे. पाद्र्याची वही आमच्याही हातात आली होती.

व्हिया आल्ताच्या गावांनी दिलेल्या कबुल्या वाचताना मला आजीचे ते “करतो की” ऐकू आले. अभयाच्या बदल्यात लिहून दिलेल्या कबुलीत श्रद्धा किती आणि चौकशी करणाऱ्याची सोय किती? तावारेस हा प्रश्न ओळखतात, सावधपणे कागद वाचतात. तरी त्यांच्यापुढे कागदच आहे. आपल्यापुढे अजून माणसे आहेत, दीक्षेच्या दिवशी जी कळती होती त्यातली थोडी. त्यांनी काय सोडले हे सगळ्यांनी विचारले. सोडताना गावाने काय केले, काम कोणी बंद केले, पाणी कोणी तोडले, जत्रेत रेडा धरायला मग कोण गेले, हे विचारायला मी गेल्या वर्षी सुरुवात केली. आजी त्याआधीच गेली होती.